एका छताखालचे अनेक हजेरीपट

9 ऑगस्ट 2018 रोजी हैदराबादच्या हायटेक सिटी परिसरात आयकिया या स्वीडिश कंपनीचे भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी गर्दीची छायाचित्रे छापली. सुमारे 4 लाख चौरस फुटांची वास्तू, साडेसात हजार वस्तू, 1,000 आसनांचे उपाहारगृह आणि दारापासून रस्त्यापर्यंत पसरलेली माणसे. त्या दिवसांतल्या बातम्यांत एक वाक्य मात्र बहुतेक ठिकाणी जवळपास सारख्याच शब्दांत आढळत होते : या दुकानामुळे सुमारे 950 जणांना थेट आणि 1,500 जणांना अप्रत्यक्ष रोजगार मिळेल. शासकीय सेवेत अशी वाक्ये मी असंख्य वेळा वाचली आहेत. गुंतवणुकीच्या प्रत्येक प्रस्तावाच्या टिपणीत रोजगाराचा एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय टिपणी पुढे सरकत नाही आणि एकदा भरला की तो पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

या लेखाचा विषय तो रकाना आहे. हैदराबाद, 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईतील तुर्भे, 2022 च्या जूनमध्ये बेंगळूरुतील नागसंद्रा, अशी ही दुकाने उघडत गेली. त्याआधीच, 2007 च्या सुमारास, फ्यूचर समूहाने ‘होमटाउन’च्या रूपाने घराला लागणारे सर्व काही एका छताखाली विकण्याचा प्रयोग केला होता. अशा दुकानाच्या दारात नोकरी मागायला गेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला नेमके काय मिळते, कोणाकडून मिळते आणि त्या व्यवहारात राज्यसंस्था कोठे उभी असते, हे प्रश्न धोरणाच्या चर्चेत क्वचितच विचारले जातात.

परदेशी गुंतवणुकीच्या वादातही ते विचारले गेले नाहीत. एकाच नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत 51 टक्के परदेशी गुंतवणुकीला 2006 मध्ये मुभा मिळाली आणि जानेवारी 2012 मध्ये ती मर्यादा 100 टक्क्यांवर नेण्यात आली. त्यासोबत 30 टक्के माल देशातील लहान उद्योगांकडून घेण्याची अट आली, त्याच वर्षी ती सैल झाली आणि 2019 मध्ये आणखी सैल झाली. आयकियाचा 10,500 कोटी रुपयांचा प्रस्ताव 2013 मध्ये मंजूर झाला. या साऱ्या काळात संसदेत आणि बाहेर वाद झाला तो किराणा दुकानदाराचे काय होणार आणि माल कोठून येणार यावर. दोन्ही प्रश्न रास्तच होते. पण दुकानात काम कोण करणार आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न ‘रोजगारनिर्मिती’ या एका भारदस्त शब्दाखाली झाकला गेला. एमिल झोला यांच्या 1883 च्या कादंबरीत काकाचे छोटे कापडदुकान समोरच्या भव्य दुकानामुळे बुडत असते आणि अनाथ पुतणी नोकरी मागायला जाते ती त्याच भव्य दुकानात. पॅरिसमध्ये हे दोन प्रश्न एकाच कुटुंबात एकत्र नांदतात, हे कादंबरीकाराला दिसले; आपल्या धोरणकर्त्यांनी त्यातला एकच उचलला.

आता दाराशी येऊ. भव्य गृहसाहित्य दुकानाला बाहेरून एकच प्रवेशद्वार दिसते. नोकरी मागणाऱ्यासाठी मात्र तेथे निदान तीन-चार दारे असतात आणि आपण कोणत्या दारातून आत जात आहोत, हे अर्ज करताना त्याला पुष्कळदा कळतही नाही.

पहिले दार कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटाचे. विक्री, ग्राहकसेवा, मांडणी, गल्ला, उपाहारगृह आणि कोठाराचे नियोजन या कामांसाठी अर्ज संकेतस्थळावरून जातो, मग दूरध्वनीवर बोलणे, मग समोरासमोर मुलाखत. अशा कंपन्या पदवीपेक्षा वृत्तीला महत्त्व देतो असे सांगतात आणि त्यात काही तथ्यही आहे. आयकियाने भारतात निम्मे कर्मचारी स्त्रिया असाव्यात हे उद्दिष्ट जाहीरपणे ठेवले आणि हैदराबादच्या दुकानात माल उचलणारी फोर्कलिफ्ट यंत्रे चालवण्याचे कामही स्त्रियांना दिले. आपल्याकडे लाकूडकाम, रंगकाम, नळजोडणी हे सारे पुरुषांचे क्षेत्र मानले जाते. ते विकणाऱ्या दुकानात स्क्रू आणि बिजागरीतला फरक समजावून सांगणारी तरुणी दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. या दारातून आत गेलेल्याला नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय विमा, ठरलेली सुटी मिळते. 2023-24 च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार बिगरशेती क्षेत्रातील नियमित पगारदारांपैकी सुमारे 58 टक्के लोकांजवळ नोकरीचा लेखी करारच नाही. त्या देशात असे नेमणूकपत्र म्हणजे बँकेत कर्जासाठी, भाड्याच्या घरासाठी, प्रसंगी लग्नाच्या बोलणीतही उपयोगी पडणारा दस्तऐवज असतो.

दुसरे दार मनुष्यबळ पुरवठादाराचे. सफाई, सुरक्षा, वाहनतळ, मालाची चढउतार आणि घरपोच पोहोचवणी ही कामे दुकान सहसा स्वतःच्या पटावर ठेवत नाही. माणूस रोज त्याच दारातून आत येतो, त्याच जागेत आठ-नऊ तास काढतो, पण त्याचा पगार दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून निघतो आणि दोन कंपन्यांतला करार संपला की त्याची नोकरीही संपते. तिसरा प्रकार आयकियासारख्या एकाच नाममुद्रेच्या दुकानात आढळत नाही, पण अनेक नाममुद्रांचा माल ठेवणाऱ्या मोठ्या दुकानांत सर्रास आढळतो : रंग, टाइल्स, नळ, गाद्या, पंखे बनवणाऱ्या कंपन्यांचे ‘प्रमोटर’. त्यांचा गणवेश एका कंपनीचा, पगार पुरवठादाराचा आणि ‘आज रविवार आहे, सुटी घेता येणार नाही’ हे सांगणारा व्यवस्थापक दुकानाचा. या तिघांपैकी मालक कोण, हे ठरवायला कामगार न्यायालयांना वर्षे लागतात. चौथे दार अलीकडचे. सुट्या फळ्यांच्या स्वरूपात विकलेले कपाट ग्राहकाच्या घरी जाऊन जोडून देणारा माणूस ॲपवर नोंदलेला असतो. हैदराबादच्या दुकानाने 2018 मध्येच या कामासाठी तेव्हाच्या अर्बनक्लॅपशी सहकार्य केले होते. तो कायद्याच्या भाषेत कोणाचाच नोकर नाही.

‘950 थेट, 1,500 अप्रत्यक्ष’ या वाक्याचा अर्थ आता उलगडतो. पहिल्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक दोघांमागे तिघे इतर दारांनी किंवा त्याही पलीकडच्या पुरवठा साखळीतून येतात. यात कंपनीचे काही लपवणे नाही. आकडा तिनेच दिला आहे. त्या 1,500 जणांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी ज्यांची होती, ते उद्घाटनाची फीत कापून निघून गेले.

हे विचारण्याची यंत्रणा आपल्याजवळ नव्हती असेही नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून 1945 मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि त्यातून सेवायोजन कार्यालयांचे जाळे उभे राहिले. शिवा राव समितीच्या शिफारशीनंतर 1956 मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या खासगी आस्थापनांवरही रिक्त जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन घातले. कळवण्याचे फक्त, तेथूनच माणूस घेण्याचे नव्हे. कायद्यातच तसे स्पष्ट लिहिले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये हरगोपाल प्रकरणात त्याला दुजोरा दिला. जागा न कळवल्यास दंड पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत, पुढे 1,000 रुपयांपर्यंत. महिना 60 रुपयांहून कमी वेतनाच्या जागा कायद्यातून वगळलेल्या होत्या आणि ती 60 रुपयांची रेघ शेवटपर्यंत तशीच राहिली. जो कायदा आपली रक्कम बदलण्याचेही कष्ट घेत नाही, त्याच्याकडून दुकानांच्या जागा गोळा होतील ही अपेक्षा मालकांनी केव्हाच सोडून दिली होती. बेरोजगारांनी मात्र दर तीन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा परिपाठ पुढे अनेक वर्षे श्रद्धेने चालवला.

2015 मध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ आले, 2021 मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम आले. संगणकीकरणाला माझा आक्षेप नाही. पण जुन्या कार्यालयाची जी उणीव होती तीच नव्या पडद्यावरही आहे : नोंद माणसाची होते, नोकरीच्या गुणवत्तेची होत नाही. जाहिरातीतील जागा कंपनीच्या पटावरची आहे की पुरवठादाराच्या, करार किती महिन्यांचा, मालाची चढउतार करावी लागेल की नाही, हे सांगण्याचे कोणतेही बंधन जाहिरात देणाऱ्यावर नाही. औषधाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. कोणी आयुष्याची तीन वर्षे जेथे घालवणार, त्या जागेच्या जाहिरातीवर मात्र ‘आकर्षक वेतन’ एवढे पुरते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतील एका तरतुदीचे स्वागत करायला हवे : प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीवरील माणसाला वर्षभराच्या सेवेनंतर उपदान मिळण्याची सोयही झाली. परंतु दुसऱ्या दाराचा प्रश्न संहितेने सोडवला, असे म्हणता येत नाही. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 कामगारांपासून लागू होत असे. व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा 50 वर नेली. संहितेने मुख्य कामांत कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई केली, हे खरे. पण मुख्य काम कोणते? आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर सफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार, वाहतूक ही कामे मुख्य नव्हेत, असे संहिता म्हणते. ज्या दुकानाची सारी रचनाच जड खोकी फळीवर चढवण्या-उतरवण्यावर उभी आहे, तेथे चढउतार हे दुय्यम काम कसे, हा प्रश्न व्याख्येच्या पोटात तसाच राहतो. त्यापुढची सवलत तर अधिक सोयीची : एखादे मुख्य काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच होत असेल, तर तेही कंत्राटावर देता येते. म्हणजे पूर्वापार केले, हेच ते पुढे करण्याचे समर्थन. आणि कंत्राटी पद्धत बंद करण्याचा आदेश निघाला तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या पटावर येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलेच आहे.

तरीही दुकानातील नोकरीची प्रत केवळ हजेरीपटावरून ठरत नाही. तिच्यातील सर्वांत साधी, शरीराला रोज जाणवणारी गोष्ट म्हणजे उभे राहणे. याचा इतिहास मोठा बोलका आहे. दुकानातील स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी बसायची आसने ठेवावीत, असा कायदा ब्रिटनने 1899 मध्ये केला, फ्रान्सने 1900 मध्ये. भारतात दुकानांचा पहिला कायदा मुंबई प्रांतात 1939 मध्ये झाला. त्याने कामाचे तास आणि सुटी ठरवली. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, हे 1948 च्या कारखाने कायद्यात आले, पण ते कारखान्यांपुरते. दुकानातील विक्रेती उभीच राहिली. कोळिकोडच्या मिठाई गल्लीतील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने ‘पेण्कूट्ट’ ही संघटना बांधली. त्यांची पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण दिवसभर पाणी न पिता राहणे हाच त्यांचा मार्ग होता. त्यानंतर मागणी आली बसण्याची. त्रिशूरमध्ये 2014-15 साली एका मोठ्या कापडदुकानातील स्त्रियांनी याच कारणासाठी शंभराहून अधिक दिवस धरणे धरले. अखेर 2018 मध्ये केरळने दुकाने अधिनियमात बसण्याचा हक्क घातला आणि 2021 मध्ये तमिळनाडूने तसेच केले. आता केंद्रीय संहितेतही उभ्याने काम करणाऱ्या सर्वांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे.

कारखान्यातील कामगाराला 1948 मध्ये मिळालेली बैठक दुकानातील विक्रेतीपर्यंत यायला 70 वर्षे लागली, आणि ती आली ती कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेच्या अजेंड्यावरून नव्हे, तर ज्या स्त्रियांना संघटनांत कोणी मोजत नव्हते त्यांच्यामुळे. गृहसाहित्याच्या भव्य दुकानात तर विरोधाभास डोळ्यांत भरतो. सभोवती शेकडो खुर्च्या, सोफे, स्टुले मांडलेली असतात आणि त्यांवर ग्राहकाने बसून पाहावे, असा आग्रहच असतो. त्या खुर्च्यांची शिफारस करणारा पाळीभर उभा असतो. चांगल्या कंपन्या विश्रांतीची खोली आणि मधल्या सुट्या देतात. पण त्या मिळतात त्या कंपनीच्या धोरणातून, आणि धोरणाची व्याप्ती कंपनीच्या पटापर्यंत असते. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापर्यंत ती पोहोचतेच असे नाही.

केंद्राने 2016 मध्ये राज्यांसाठी दुकाने व आस्थापनांचा आदर्श अधिनियम तयार केला. 10 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना वर्षभर आणि अहोरात्र उघडे राहण्याची मुभा, स्त्रियांना सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीचे काम, अशा त्यातील तरतुदी. महाराष्ट्राने 2017 मध्ये त्याच धर्तीवर आपला कायदा नव्याने केला. दुकानाच्या वेळा मोकळ्या झाल्या, ते योग्यच झाले. मात्र 10 पेक्षा कमी माणसांचे दुकान, म्हणजे गल्लीतले हार्डवेअरचे दुकान, बहुतांशी या चौकटीबाहेर गेले. नोकरी मागणारा तरुण प्रत्यक्षात तुलना करतो ती या दोन दुकानांची : एकीकडे पटाच्या आत येण्याची शक्यता असलेले भव्य दुकान, दुसरीकडे ओळखीने मिळणारी, महिन्याच्या शेवटी हातात रोख ठेवणारी पेढी. तो भव्य दुकानाकडे वळतो यात नवल नाही.

या चित्रात एक माणूस मुळातच दाराबाहेर राहतो : सुतार. हैदराबादेत मजूर जमतात त्या जागेला अड्डा म्हणतात, दिल्लीत लेबर चौक, मुंबईत नाका. हत्यारांची पिशवी घेऊन तेथे सकाळी उभा राहणारा सुतार घरसुधारणेच्या व्यवसायाचा आजवरचा कणा होता. राजस्थानातून, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला हा कारागीर ग्राहकाच्या घरात बसून प्लायवूड कापतो, कपाट उभे करतो आणि कोणत्या दुकानातून माल घ्यायचा हेही बहुधा तोच ठरवतो. म्हणून तर प्लायवूड आणि डिंक बनवणाऱ्या कंपन्या सुतारांसाठी बक्षीस योजना आणि मंडळे चालवतात. सुट्या फळ्यांच्या कपाटाने त्याचे हे स्थानच काढून घेतले. माप घेणे, लाकूड पारखणे, सांधा बसवणे या साऱ्याची जागा चित्रांची पुस्तिका आणि एक षट्कोनी किल्ली घेते. या बदलाला थोपवण्यात अर्थ नाही. पण बदलाच्या काळात शासन त्याच्यासाठी काय करते?

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत अग्रभागी आहे. आठवडाभराचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपये, 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज. योजना उपयुक्त आहे, पण तिच्या नजरेसमोर गावातला बलुतेदार आहे, ज्याला स्वतःचे दुकान थाटायचे आहे. शहरातल्या सुताराला दुकान थाटायचे नसते. त्याला भव्य दुकानाच्या जोडणी विभागात किंवा स्वयंपाकघराची मापे घेणाऱ्या पथकात पगारावर शिरायचे असते. तेथे किरकोळ विक्रीच्या कौशल्य परिषदेचे विक्री सहायकाचे प्रमाणपत्र चालते, त्याचा वीस वर्षांचा अनुभव चालत नाही, कारण तो कोठे लिहिलेला नाही. दुसरे संरक्षक छत्र म्हणजे बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा. त्यातून 10 लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात स्वतःचे राहते घर दुरुस्त करणारा मालक वगळलेला होता. संहितेने ती मर्यादा 50 लाख केली. घरसुधारणेचा बहुतेक सारा व्यवसाय या मर्यादेखालीच चालतो. आणि तो ॲपवर गेला, तर सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा उल्लेख आहे खरा : मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत द्यावी, तीही कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. निधीतून त्याला केव्हा, काय आणि कोणत्या कार्यालयातून मिळणार, याचे उत्तर राज्यागणिक वेगळे असेल.

यावर उपाय म्हणून मोठ्या दुकानांनी सर्वांना कायम करावे, असे कोणी म्हणेल. ते होणार नाही, आणि सणासुदीची गर्दी पाहता सर्वस्वी योग्यही ठरणार नाही. मला त्याहून माफक गोष्ट शक्य वाटते. भव्य दुकानाला जमीन, रस्ता, वीज, परवानग्यांची एक खिडकी, हे सारे राज्य देते. ते देताना रोजगाराच्या रकान्याची फोड मागण्याचा अधिकार राज्याला निर्विवाद आहे. कंपनीच्या पटावर किती, पुरवठादारामार्फत किती, ॲपवरून किती. त्यांतील स्त्रिया किती. आणि वर्षभरानंतर किती उरले. ही माहिती कंपन्यांजवळ असते, कारण भविष्य निर्वाह निधीत पुरवठादाराने कसूर केली तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तीच माहिती नोकरीच्या जाहिरातीत एका ओळीत छापावी लागली, तर अर्ज करणाऱ्याला आपण कोणत्या दाराशी उभे आहोत हे आधी कळेल. शिवाय सुताराची परीक्षा घेऊन त्याच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची ‘पूर्व-अध्ययन मान्यता’ ही सोय कौशल्य विकासाच्या चौकटीत आजही आहे. तिचे केंद्र महाविद्यालयात न ठेवता अड्ड्यावर आणि नाक्यावर, सकाळी आठच्या आत लावता येईल. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून परीक्षेला येईल असा सुतार मला अद्याप भेटलेला नाही.

गुरुग्राम आणि नोएडा येथे याच समूहाचे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत. त्यांच्याही प्रस्तावांत रोजगाराचा रकाना असेल, आणि हरियाणा व उत्तर प्रदेशच्या उद्योग खात्यांत तो वाचणारे अधिकारीही असतील.